आधी रंग, मग यंत्र

जुनं रंगीत शिवणयंत्र विकत घ्यायला निघालात तर आधी त्याचा रंग बघा, यंत्र नंतर तपासा. शिंप्याला हा सल्ला उफराटा वाटेल, पण संग्राहकाचं गणित वेगळं असतं. वर्षानुवर्षं माळ्यावर पडून गच्च झालेलं चाक रॉकेल, तेल आणि सबुरी यांच्या जोरावर बहुतेक वेळा सुटतं. हरवलेली बॉबिन केस नवी मिळते, वायर बदलता येते, पट्टा तर कुठल्याही शिलाई मशीनच्या दुकानात टांगलेला असतो. कारखान्याच्या भट्टीत भाजून पक्का केलेला साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा मोरपंखी रंग मात्र उडाला की उडाला. गाड्या रंगवणाऱ्याकडून नवा हात मारून घेता येतो आणि तो चकचकीतही दिसतो. पण मग तुमच्या कपाटात १९५६ सालचं यंत्र राहत नाही, गेल्या महिन्यात रंगवलेलं यंत्र राहतं.

शिवणयंत्र म्हटलं की आपल्यापुढे काळं लोखंड आणि त्यावरची सोनेरी नक्षी येते. तो काळा रंग कुणी हौसेनं निवडलेला नव्हता. डांबराच्या जातीचं व्हार्निश बिडाच्या ओतकामावर चढवून भाजलं की कठीण, तेलाला दाद न देणारा आणि ओतकामातले खाचखळगे झाकणारा थर तयार व्हायचा. तो थर मुळातच काळा असे. रंगाची हौस मग नक्षीत भागवली जायची. सिंगरच्या ६६ क्रमांकाच्या मॉडेलवरची लाल-हिरवी-सोनेरी ‘रेड आय’, २७ क्रमांकाच्या मॉडेलवरचे पंख पसरलेले स्फिंक्स, स्कॉटलंडमध्ये बनलेल्या ६६ वरची ‘लोटस’, अशी त्या नक्ष्यांची नावं संग्राहकांच्या तोंडी असतात. भारतात जुनी यंत्रं गोळा करायची तर आपल्या वाट्याला मुख्यतः ही नक्षीदार काळी मंडळीच येतात. त्यांच्याकडे पुढे येऊच.

सगळं अंगच रंगीत असलेलं घरगुती यंत्र म्हणून आधी नाव घ्यावं ते ‘एल्ना’चं. जिनिव्हाच्या ताव्हारो कंपनीनं १९४० साली ते बाजारात आणलं. रामोन कासास या स्पॅनिश अभियंत्यानं त्याची रचना केली होती. आटोपशीर, विजेवर चालणारं, गडद हिरवं. चालवायला पायाचं पॅडल नाही, गुडघ्यानं ढकलायचा दांडा. हिरवा रंग आणि तो वाकलेला दांडा पाहून इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याचं नाव ‘ग्रासहॉपर’, म्हणजे नाकतोडा, पाडलं. त्याची धातूची पेटी उघडली की तीच यंत्राला जोडून शिवायचं टेबल होते. नाकतोडा घेताना मोटरजवळचं रबरी चाक आवर्जून बघा. हे चाक हातचाकाला घासून गती देतं. यंत्र वर्षानुवर्षं एका जागी उभं राहिलं की रबराला एका ठिकाणी सपाट खाच पडते आणि शिवताना ठक-ठक आवाज येतो. चाक बदलता येतं, त्यामुळे तेवढ्यासाठी यंत्र नाकारू नका. किमतीत घासाघीस मात्र जरूर करा.

खरा रंगांचा सुकाळ आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तो जपाननं आणला. युद्ध हरलेल्या देशात शस्त्रं बनवणारे कारखाने रिकामे पडले होते. अचूक खराद, कुशल हात आणि ओतकामाचा अनुभव तयार होता, माल काय काढायचा एवढाच प्रश्न होता. अनेकांनी शिवणयंत्र निवडलं. आज औद्योगिक शिलाई मशीनसाठी प्रसिद्ध असलेली जुकी ही मूळची शस्त्रनिर्मितीसाठी १९३८ साली उभी राहिलेली कंपनी. १९४७ मध्ये ती घरगुती शिवणयंत्रांकडे वळली. जानोमे आणि ब्रदर या कंपन्या तर युद्धाच्या आधीपासूनच या धंद्यात होत्या.

नमुना म्हणून जपानी कारखान्यांनी सिंगरचं १५ क्रमांकाचं मॉडेल घेतलं. साधी रचना, भक्कम अंग, सरळ टाका, आणि डाव्या टोकाला उभी बसणारी बॉबिन. मग जपाननं एक हुशारीची गोष्ट केली. या यंत्राच्या भागांची मापं देशभर एकसारखी ठरवली आणि त्या प्रमाणित यंत्राला ‘एचए-१’ म्हटलं. एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या यंत्रात बसू लागला, छोट्या कारखान्यांना एकेक भागच बनवणं परवडू लागलं आणि किंमत खाली आली. तुमच्या घरच्या सुयांच्या पाकिटावर ‘एचए एक्स १’ असं छापलेलं असेल, तर ती या घराण्याची खूण समजा. लुधियानात बनणारी आपली काळी पायमशीनंही याच पंधराच्या साच्यातली आहेत.

अमेरिकेत ही यंत्रं जहाजानं गेली तेव्हा सिंगरच्या नावाशी झुंजायला त्यांच्याकडे दोनच हत्यारं होती, किंमत आणि रंग. त्या काळात अमेरिकी मोटारी गुलाबी, आकाशी, दुरंगी होत होत्या आणि फ्रिजसुद्धा पांढरेपण सोडत होते. जपानी कारखान्यांनी तेच रंग शिवणयंत्रांवर चढवले. फिकट निळा, पुदिन्यासारखा हिरवा, गुलाबी, मरून, सोनेरी झाक असलेला तपकिरी, वर पांढरा नि खाली निळा. पुढच्या बाजूला मोटारीच्या बॉनेटवर असावं तसं क्रोमचं बोधचिन्ह आणि तिरक्या अक्षरांत ‘डीलक्स’. आयात करणारा व्यापारी किंवा मोठं दुकान आपल्याला हवं ते नाव त्यावर लावून घ्यायचं. मोर्स, युनिव्हर्सल, ड्रेसमेकर अशी शेकडो नावं आहेत. व्हाइटसारख्या जुन्या अमेरिकी कंपनीनंही पुढे आपल्या नावावर जपानी यंत्रं विकली.

इथेच नवा संग्राहक फसतो. तीन नावांची, तीन रंगांची यंत्रं तीन किमतींना घेतो आणि घरी आणून उलटी केल्यावर कळतं की आतून तिन्ही सख्खी भावंडं आहेत. हे त्याला ठाऊक असेल तर त्यात फसवणूक काहीच नाही. उलट माझ्या मते या छंदाची सगळ्यात चांगली वाट तीच आहे. एक साचा धरायचा आणि त्याचे रंग, नावं, बोधचिन्हं जमवायची. नाव वाचून फारसं काही कळत नाही, त्यामुळे यंत्र मागे झुकवून पोटाकडची बाजू बघायची. ‘जे-ए’ आणि ‘जे-सी’ या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक ओतकामात उठवलेले किंवा ठोकलेले दिसतील. संग्राहक त्यांच्यावरून कारखाना ओळखतात. दोन वेगळ्या नावांच्या यंत्रांवर एकच क्रमांक निघाला की नात्याचा छडा लागला. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ अशी अक्षरं असतील तर यंत्र अमेरिकेचा ताबा संपण्याच्या, म्हणजे एप्रिल १९५२ च्या, आधीचं. सीअर्स या दुकानाच्या ‘केनमोर’ यंत्रांवर मॉडेल क्रमांकाच्या सुरुवातीला तीन आकडे असतात. १५८ असेल तर यंत्र जपानच्या मारुझेननं बनवलेलं, ३८५ असेल तर जानोमेनं.

इटलीची यंत्रं हा वेगळाच मामला. पाव्हिया गावच्या नेक्की कंपनीनं मार्चेल्लो निझ्झोली या डिझायनरला हाताशी धरलं. ऑलिव्हेट्टीचा ‘लेतेरा २२’ टाइपरायटर घडवणारा हाच माणूस. त्यानं १९५७ च्या सुमारास घडवलेलं ‘मिरेल्ला’ न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. जपानी यंत्रावर रंग नवी साडी नेसवावी तसा वरून येतो. मिरेल्लात अंगाची गोलाई आणि फिकट रंग एकत्रच सुचलेले दिसतात. एकच इटालियन यंत्र घ्यायचं असेल तर मी हे सुचवीन. पण नेक्कीचे सुटे भाग पंधराच्या भागांसारखे गल्लोगल्ली मिळत नाहीत, म्हणून ते पूर्ण असेल तरच घ्या. बॉबिन केस नसलेलं नेक्की स्वस्त मिळालं तरी नको.

सिंगर या रंगांच्या शर्यतीत उशिरा आणि जरा नाखुशीनंच उतरली. १९५२ चं ३०१ मॉडेल ॲल्युमिनियमचं, काळ्याबरोबर बदामी आणि दुरंगी तपकिरी छटांत मिळायचं. १८५ हे छोटं बुटकं मॉडेल हिरव्या रंगात आलं आणि आज त्या रंगासाठीच शोधलं जातं. सगळ्यात लाडकं २२१, म्हणजेच ‘फेदरवेट’. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी ते आलं. ॲल्युमिनियमचं, जेमतेम पाच किलोचं. बहुतेक काळीच निघाली. नंतर बदामी आली आणि साठच्या दशकात स्कॉटलंडमधून एक फिकट आवृत्ती आली. तिला सगळे पांढरी म्हणतात, प्रत्यक्षात ती पांढऱ्याकडे झुकणारी फिकी हिरवट-निळी आहे. कारखान्यातून निघालेले रंग एवढेच. तेव्हा गुलाबी, लाल, जांभळं फेदरवेट कुणी ‘दुर्मीळ मूळ रंग’ म्हणून विकत असेल तर हात जोडून पुढे व्हा. ते नंतर रंगवलेलं आहे. सुंदर रंगवलेलं फेदरवेट शिवायला घ्यायला हरकत नाही, पण पैसे रंगाऱ्याच्या कामाचे द्या, दुर्मीळपणाचे नकोत.

पुन्हा रंगवलेलं यंत्र ओळखणं सोपं आहे. डाव्या टोकाचं झाकण एका स्क्रूवर असतं, ते उघडून आतल्या कडा बघा. दिव्याचं टोपण काढा, बॉबिन भरायच्या चाकाखाली बोट घाला, क्रमांकाच्या पट्टीच्या कडेला नखानं हलकं खरवडा. मूळ रंग अशा अडगळीत लपलेला असतो. स्क्रूच्या खाचेत रंग भरलेला असेल, पट्टीच्या कडेवर रंग चढलेला असेल किंवा तेलाच्या भोकांत रंगाचे थेंब असतील, तर काम नंतरचं. याच जागा आणखी एका कामाला येतात. उन्हात राहिलेलं यंत्र बाहेरून विटतं, पण दिव्याच्या टोपणाखाली त्याची पहिल्या दिवसाची छटा टिकून असते. दोन यंत्रांच्या रंगांची तुलना करायची असेल तर या झाकल्या जागांची करा, बाहेरच्या अंगाची नको.

छटेची नोंद ठेवताना कंपन्यांनी दिलेली इंग्रजी नावं विसरा. कारखान्यांच्या रंगनावांची यादी तुम्हाला मिळेलच असं नाही, आणि ‘टरक्वाइज’ म्हटल्यावर चार जणांच्या डोळ्यांपुढे चार रंग येतात. आपल्याकडे साड्यांच्या दुकानात घडलेली नावं अधिक काटेकोर आहेत. मोरपंखी, चिंतामणी, पोपटी, अबोली, आमसुली, मोतिया असं लिहा. जोडीला फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, सावलीत, शेजारी पांढरा कागद ठेवून. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोवरून यंत्र विकतही घेऊ नका.

आता यंत्र तपासण्याबद्दल. रंग पसंत पडला की हातचाक आपल्याकडे फिरवून बघा. सुई वर-खाली झाली, खालचे दात पुढे-मागे हलले, कापड दाबणारा पाय उचलला गेला, एवढं पुरे. चाक हललंच नाही तरी घाबरू नका. आधी बॉबिन भरायचा खटका लागलेला नाही ना ते पाहा. मग बॉबिनची जागा उघडून आत अडकलेला दोरा शोधा, निम्म्या वेळा दोषी तोच असतो. उरलेल्या वेळा जुनं तेल वाळून चिकट झालेलं असतं. त्यावर उपाय असा की रंगाला न लागेल अशा बेतानं सांध्यांत रॉकेलचे थेंब सोडायचे, केस वाळवायच्या यंत्रानं ऊब द्यायची, चाक हळूहळू मागे-पुढे करायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. हातोडी नको, पाना लावून जोर नको. सुटल्यावर रॉकेल पुसून काढा आणि शिलाई मशीनचंच पातळ तेल घाला. आपल्याकडे अनेक घरांत खोबरेल घालायची रीत होती. ते थंडीत गोठतं आणि पुढे राळेसारखं घट्ट होतं. माळ्यावरची कितीतरी मशीनं याच मायेनं बंद पडली आहेत.

‘यंत्र नंतर’ या नियमाला एक मोठा अपवाद आहे. साठच्या दशकापासून काही कंपन्यांनी पोलादी दातेरी चाकांच्या जागी प्लॅस्टिक किंवा नायलॉनची वापरायला सुरुवात केली. सिंगरची ‘टच अँड सो’ मालिका यासाठी बदनाम आहे. वयानं ही चाकं तडकतात. खालचं झाकण काढून टॉर्च मारा. दुधी किंवा पिवळट दातेरी चाकं दिसली आणि त्यांना बारीक चिरा असतील, तर रंग कितीही गोड असला तरी ते यंत्र फक्त शोभेचं समजून किंमत लावा. संपूर्ण पोलादी यंत्र ओळखणं सोपं आहे. ते उचलताना कंबर सांगते.

विजेची वायर हा दुसरा अपवाद, आणि तो जिवाशी गाठ असलेला. जुन्या वायरींवरचं रबर वाळून पापडासारखं तुटतं. वाकवल्यावर भुगा पडला तर प्लग लावून ‘चालतंय का बघू’ म्हणू नका. आधी वायर बदलून घ्या. अमेरिकेतून यंत्र आणणाऱ्यांनी मोटरवरची पट्टी वाचावी. तिथली मोटर ११० व्होल्टची असते, आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. सरळ लावलीत तर काही क्षणांत धूर निघेल, आणि दिव्याचा बल्बही जाईल. दोनशे-तीनशे वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर पुरतो, कारण या मोटरी साधारण शंभर वॅटच्या आसपासच्या असतात. ५० आणि ६० हर्ट्झच्या फरकाची काळजी नको, अशा ब्रशच्या मोटरींना त्याचं काही वाटत नाही. जपानी पंधरांसाठी तर याहून देखणा उपाय आहे. मोटर काढून ठेवा आणि हेड आपल्या पायमशीनच्या स्टँडवर किंवा हाताच्या दांड्यावर बसवा. घराणं एकच असल्यानं मापं बहुधा जुळतात, तरी सुताराकडे जाण्याआधी बैठकीची लांबी-रुंदी आणि बिजागरीच्या भोकांतलं अंतर मोजा. गुलाबी जपानी हेड, खाली लुधियानाचं बिडाचं स्टँड. शुद्धतावादी संग्राहक नाक मुरडतील, मला हा संसार फार आवडतो.

स्वच्छतेत सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि ते उत्साहानं होतं. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचा द्रव, काचा पुसायचा निळा द्रव यांपैकी काहीही यंत्राजवळ आणू नका. जुन्या काळ्या यंत्रांवरची सोनेरी नक्षी लाखेच्या पातळ थराखाली असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फडक्याबरोबर स्फिंक्सचे पंख निघून येतात. जपानी यंत्रांवरची ‘डीलक्स’ ही सोनेरी अक्षरं तर त्याहून नाजूक. तिथे शिलाई मशीनच्या तेलात भिजवलेलं मऊ सुती कापड, हलका हात आणि बराच वेळ, एवढंच चालतं. भाजलेल्या इनॅमल रंगावर अक्षरं सोडून इतरत्र मोटारीचं साधं मेण लावता येतं. ओरखडे घालवायचं घासणारं पॉलिश मात्र नको, चकाकी येते आणि त्याबरोबर रंगाचा थरही जातो. क्रोमवर बारीक काळे ठिपके असतील तर ते तसेच राहू द्या.

तुलना करायची ती शिवूनच. ‘हे गोड चालतं, ते जड चालतं’ या शेऱ्यांना अर्थ नाही. सगळ्या यंत्रांना एकच परीक्षा द्या. नवी सुई, एकाच रिळाचा दोरा, एकाच ताग्याचं कापड. मांजरपाटाचे दोन थर, मग चार थर, मग मलमलीचे दोन, शेवटी जीनच्या पँटची दुमडलेली शिवण. वर एका रंगाचा आणि बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा दोरा घाला. वरचा रंग खाली किंवा खालचा रंग वर डोकावला तर ताण बिघडलेला आहे हे लगेच दिसतं. टाक्याचा खटका एका जागी ठेवून एका इंचात किती टाके पडले ते मोजा. पट्टीवरचा आकडा आणि खरा टाका यांत बरेचदा तफावत असते. उलटा टाका असेल तर एक ओळ पुढे, त्याच ओळीवरून मागे, दोन्हींची भोकं जवळपास त्याच जागी पडली तर यंत्र तंदुरुस्त. मलमलीवर कापड आत ओढलं गेलं तर कापड दाबणाऱ्या पायाचा जोर कमी करून पाहा, लगेच यंत्राला नावं ठेवू नका.

हा शिवलेला तुकडाच वहीत चिकटवा. शेजारी नाव, मॉडेल, क्रमांक, पोटावरची अक्षरं, सुई-बॉबिनची जात, मोटरचे व्होल्ट आणि अँपिअर, मूळ छटा, कुणाकडून घेतलं. मोटरच्या अँपिअरवर फार भाळू नका. विक्रेते ‘दीड अँपिअरचं, चामडंही शिवतं’ म्हणून सांगतात, पण तो आकडा मोटर किती वीज खाते तेवढंच दाखवतो. अशा परीक्षेत मला पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट ही की चांगलं तेलपाणी केलेलं निनावी जपानी पंधरा सरळ टाक्यात मूळ सिंगर पंधरापेक्षा कुठेही कमी पडत नाही. चार थरांवर लहानगं फेदरवेट दमतं, पण मलमलीवर त्याचा हात कुणी धरत नाही. नाकतोड्याला वेग कमी, मात्र बाहीसारख्या अरुंद जागी त्याच्या बारीक हाताचा जो उपयोग होतो तो सपाट यंत्रांचा होत नाही.

शोधायचं कुठे? अमेरिकेत असाल तर थ्रिफ्ट स्टोअर, गराज सेल आणि एखाद्या वृद्धाच्या पश्चात घरचं सामान विकलं जातं तिथे. न्यू जर्सीच्या मराठी वाचकांना हेही सांगायला हवं की एडिसनपासून थोड्याच अंतरावरच्या एलिझाबेथ गावात सिंगरचा प्रचंड कारखाना १८७३ पासून शतकभर चालला, त्यामुळे त्या भागात सिंगरची यंत्रं घरोघरी सापडतात. ब्रिटनमध्ये असाल तर स्कॉटलंडच्या क्लाइडबँकची. तिथला कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण गावच्या एका रेल्वे स्टेशनाचं नाव अजून ‘सिंगर’च आहे. मॉडेलच्या आकड्यामागे ‘के’ असेल तर यंत्र तिथलं, ‘जे’ असेल तर कॅनडाचं. सिंगरच्या क्रमांकांवरून साल काढता येतं. मात्र ते साल त्या क्रमांकांचा गठ्ठा कारखान्याला दिल्याचं असतं, यंत्र बनून बाहेर पडायला आणखी काही महिने लागलेले असू शकतात. ‘माझं यंत्र अमुक तारखेला जन्मलं’ असं छातीठोक सांगू नका.

यंत्र भारतात आणायचं तर वजनाचा विचार करा. पंधराचं हेड बारा ते पंधरा किलोचं, म्हणजे विमानातल्या तेवीस किलोच्या बॅगेत एकच. लाकडी पेटीत घालून कधीही पाठवू नका. पेटी आपटली की आतलं लोखंड पेटी फोडून बाहेर येतं आणि स्वतःचा रंगही गमावतं. दोऱ्याच्या खिळ्या काढा, हातचाकाखाली फोमचा ठोकळा द्या, दोन खोक्यांत बंद करा.

महाराष्ट्रात मुंबईच्या चोर बाजारातली मटन स्ट्रीट आणि पुण्याचा जुना बाजार या ठरलेल्या जागा. तिथे रंगीत जपानी यंत्र क्वचितच दिसेल. दिसतील ती क्लाइडबँकची नक्षीदार काळी, आणि आपली उषा, मेरिट, रीटा. कमीपणा मानू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगरचा हिंदुस्थानातला कारभार मुंबईतून नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ पाहत. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या यंत्राला खास अपवाद म्हणून मान दिला होता. उषा हे कोलकात्याच्या जय इंजिनीअरिंगचं यंत्र. त्याच्यावरच्या जुन्या नक्ष्या, कंपनीच्या बदललेल्या मुद्रा आणि विक्रेत्यांच्या पितळी पट्ट्या यांचा कुणी नीट संग्रह केला तर तो कुठल्याही गुलाबी जपानी रांगेइतकाच मोलाचा ठरेल. या पट्ट्यांवर गावच्या दुकानाचं नाव असतं. त्या काढू नका, घासून उजळवूही नका.

जुन्या सिंगरमध्ये ‘लाल पारा’ असतो आणि त्याचे लाखो रुपये मिळतात असं कुणी कानात सांगेल. ही अफवा २००९ साली सौदी अरेबियात उठली, लोकांनी वेड्यासारख्या किमती मोजल्या आणि सरकारला खुलासा करावा लागला. शिवणयंत्रात पारा नसतो, ना लाल ना पांढरा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळा हा संग्राहकाचा खरा शत्रू. जूनच्या आत क्रोमच्या भागांवर मेणाचा पातळ हात फिरवा, उघड्या पोलादी भागांवर तेलाचं बोट फिरवा आणि यंत्र बंद पेटीत न ठेवता सुती कापडाखाली ठेवा. पेटीत दमट हवा कोंडते. महिन्यातून एकदा चाक फिरवा. खिडकीतल्या उन्हात मांडायचा मोह आवरा. गुलाबी छटा आधी जाते असा माझा अनुभव आहे.

पहिली खरेदी म्हणून जपानी पंधरा घ्या. भाग मिळतात, सुया मिळतात, मेकॅनिकला समजावून सांगावं लागत नाही. आणि घरात आजीचं किंवा सासूबाईंचं काळं मशीन पडलं असेल तर भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी एवढं करा. बैठकीवरचा क्रमांक उतरवून घ्या, नक्षीचा फोटो काढा, पितळी पट्टीवरचं दुकानाचं नाव लिहून ठेवा, आणि ते कधी, कुठे, किती रुपयांना घेतलं हे सांगणारं माणूस हयात असेल तर त्यांना आजच विचारा.